वळायला जागा

रेणापूर,
१४ ऑक्टोबर २०२४

॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

चि. भीमाशंकरास रेवणप्पाचे आशीर्वाद.

पाकिटावर माझं अक्षर बघून कपाळाला आठी घालू नको. अबोला तू धरलास, मी न्हाई. आप्पाला माती दिल्यावर तिसऱ्याच दिवशी विहिरीच्या पाण्यावरून भांडलास आणि समाधीवर हात ठेवून शपथ घेतलीस, 'दादाशी पुन्हा तोंडानं बोलणार न्हाई.' नऊ वर्षं झाली. सख्ख्या भावाची शपथ मोडायला लावायची माझी इच्छा न्हाई, म्हणून पोस्टात जाऊन पाकीट आणलं. पोस्टातला माणूस माझ्याकडं बघतच राहिला.

काम मायचं हाय. आधी रानातलं सांगतो.

वाइन कंपनी यंदा द्राक्षं तोडायला मशीन आणून राहिली. बघशील तर येडा होशील. ओळीच्या दोन्ही बाजूंनी पाय फाकून चालते, वेल तिच्या पोटाखालून जाते. आतल्या काठ्या वेलीला गदागदा हलवतात. मणी खाली पट्ट्यावर पडतात, देठ वेलीवरच लटकत राहतात. नीलाबाईच्या तोडणीच्या टोळीतल्या बायकांना जे काम आठवडाभर पुरायचं ते एका दिवसात. शिवाय चहा मागत न्हाई, उचल मागत न्हाई, 'पोराला ताप आलाय, जाते' म्हणत न्हाई. माझ्या श्रीशैलला तर तिचं लग्नाला बघितलेल्या मुलीपेक्षा जास्त कौतुक.

घोळ एकच. ओळ संपली की तिला वळायला पंचवीस फूट मोकळी जागा लागते. विहिरीकडच्या टोकाला ती हाय. लिंबाकडच्या टोकाला आप्पा हायेत.

कंपनीचे साहेब येऊन बघून गेले. भला माणूस. समाधीला हात जोडले आणि मला म्हणाले, "काका, हे हलवावं लागेल." ज्याच्या रानात मशीन वळत न्हाई त्याच्याशी पुढच्या सालापासून करार न्हाई.

मायला तर तू ओळखतोस. डोळ्यांनी दिसत न्हाई, तरी दर सोमवारी तांब्या घेऊन चाचपडत समाधीवर जाते. आणि आप्पाच्या डाव्या अंगाची चार हात जागा काटक्या रोवून धरून ठेवलीय, मेल्यावर तिथंच मातीत बसवा म्हणते. एसटीत रुमाल टाकून सीट धरतात तशी. तिला विचारलं तर मशीनीपुढं आडवी पडेल, आणि मशीनीचा ड्रायव्हर परगावचा, त्याला आपली माय काय ठाऊक.

तेव्हा मोतीबिंदूचं सांगून तिला नांदेडला ने. डोळे खरंच गेलेत, त्यात खोटं काही न्हाई. ऑपरेशनची मात्र घाई करू नको, तारीख लांबवत राहा. हंगाम झाला की आणून सोड. तोवर मी इकडं सगळं सपाट करून घेतो. आंधळ्या बाईला काय कळणार.

रेवणप्पा


विष्णुपुरी, नांदेड,
२३ ऑक्टोबर २०२४

ती. दादास शि. सा. न.

पत्र मिळाले. आप्पांची समाधी हलवायची हे वाचून दोन दिवस जेवण गेले नाही. तिसऱ्या दिवशी विचार केला, गेलेला माणूस गेला, मागे राहिलेल्यांनी पोट भरायचे की नाही? तुमचा नाइलाज आहे हे मला समजते.

मायला ठेवून घेतो, पण मार्चअखेर म्हणजे मार्चअखेर. आमचे घर दोन खोल्यांचे, त्यातली एक स्वप्नालीच्या अभ्यासाची. पोरगी नीटची परीक्षा दुसऱ्यांदा देते आहे. तिच्या खोलीत मायची खाट टाकायची म्हटल्यावर आमच्या हिने जे तोंड केले ते तुम्हाला पत्रात लिहून कळणार नाही.

आणि मला यातले काही माहीत नाही. उद्या भावकीत विषय निघाला तर मी सांगणार की मी मायला डोळे दाखवायला नेले होते, मागे काय झाले ते दादांना विचारा. एक विनंती. जंगम स्वामींना बोलावून रीतीने करा. निदान आप्पांच्या हातात ठेवलेले इष्टलिंग तरी सांभाळून काढा.

दिवाळी झाल्यावर रविवारी न्यायला येतो. त्या वेळी तुम्ही लातूरला कुठेतरी गेलेले असलात तर बरे, समोरासमोर नको.

आपला,
भीमाशंकर


विष्णुपुरी,
२४ नोव्हेंबर २०२४

रेवणा,

हे स्वप्नाली लिहून राहिली. म्हणलंय, आजी सांगती तसंच लिही, शिव्यासुद्धा.

मी बरी हाय. बरी म्हंजे जित्ती हाय. तिसऱ्या मजल्यावर ठेवलंय, पायाला माती म्हणून लागत न्हाई. भीमाची बायको लई गोड बोलती. इतकं गोड बोलणारी बाई घरात असली का माझ्या पोटात कळ उठती. चहा देती तो नुसतं पाणी कपाला लाजून लाल झाल्यावानी लागतो. (मी म्हटलं, आजी, आई वाचेल, तर म्हणते वाचू दे. – स्वप्नाली)

डोळ्याचं काय खरं न्हाई. कधी म्हणतेत साखर वाढली, कधी म्हणतेत डॉक्टर गावाला गेला. भीमा दर आठवड्याला पुढली तारीख सांगतो. दवाखाना हाय का कोर्ट, मला कळंना.

आता ध्यान देऊन ऐक. सोमवारी समाधीला पाणी घालायचं इसरू नको. तुझा आप्पा तहानंचा लई कच्चा, तांब्या यायला उशीर झाला का घर डोक्यावर घ्यायचा. माझ्या काटक्या ढोरानं मोडल्या असतील तर दुसऱ्या रोव. हसू नको रे. जलमभर मी त्याच्या मागं चालले, त्याच्या मागून जेवले, त्याच्या मागून निजले. शेजारी बसायचं तेवढं ऱ्हायलंय. तुम्हा दोघास्नी मी कधी पाटल्या मागितल्या न्हाईत, काशी मागितली न्हाई. येवढी चार हात जागा मागितली.

शिवरात्रीला मला घरी न्यायला ये. डोळा होवो न्हाईतर न होवो.

तुझी माय


रेणापूर,
२ डिसेंबर २०२४

ती. मायला रेवणाचे शरणार्थ.

तुझं पत्र श्रीशैलनं वाचून दाखवलं, आम्ही पोट धरून हसलो. तुझ्या जिभेला मोतीबिंदू काही होत न्हाई बघ.

कसली काळजी करू नको. दर सोमवारी मी स्वतः समाधीला पाणी घालतो, बेल वाहतो, ऊदबत्ती लावतो. काटक्या जुन्या झाल्या होत्या, नव्या रोवल्या, चांगल्या बाभळीच्या. तुझी जागा कुठं पळून जात न्हाई. तब्येतीला जप, डॉक्टर म्हणतील तसं वाग, घाई करू नको.

तुझा,
रेवणा


रेणापूर,
२ डिसेंबर २०२४

चि. भीमाशंकरास आशीर्वाद.

हे मुद्दाम तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर टाकलंय, घरी नेऊ नको. वाचून फाड.

काम झालं. बसवंतचा जेसीबी सांगितला होता, सकाळी आला आणि जेवायच्या आत मोकळा झाला. स्वामींना बोलावलं न्हाई. बोलावलं असतं तर संध्याकाळपर्यंत साऱ्या तालुक्याला कळलं असतं. बसवंतला सांगितलंय, जुना ओटा होता म्हणून.

लिंग सापडलं न्हाई. मी उभा राहून बघत होतो, न्हाई असं न्हाई. पण बकेटभर माती एकदम वर येते, त्यात काय दिसणार? चाळणी लावून बसायला कुणाला वेळ हाय. बसवंत म्हणाला, "काका, येवढी माती टाकू कुठं?" आपल्या फाटकातून रानात आणि घराकडं यायच्या वाटेवर दरसाल चिखल होतो. मशीनीचं वजन दांडगं, चाक रुतलं तर इज्जत जाईल. तिथं अंथरली आणि रोलर फिरवला. आता वाट अशी झालीय की वाटीतलं दूध हलत न्हाई. आप्पाला काही वाया गेलेलं खपायचं न्हाई. शेवटपर्यंत रानाच्या कामाला आले म्हणायचं.

आणखी एक. ज्या समाधीवर हात ठेवून तू शपथ घेतलीस ती आता न्हाई. तेव्हा फोन केलास तरी पाप लागणार न्हाई. पण मी म्हणतो पत्रच बरं, फोनवर तू लगेच रडतोस.

रेवणप्पा


विष्णुपुरी,
१९ जानेवारी २०२५

ती. दादास शि. सा. न.

तुमच्या त्या पत्रातला मधला भाग मी वाचलाच नाही असे समजा. मला झोप नाही.

इकडे एक गोष्ट झाली आहे. रागावू नका. माय चाचपडत घरभर फिरायची. मध्यंतरी एकदा स्वप्नालीच्या नोट्सवर ताकाचे भांडे उपडे झाले. आमची ही म्हणाली, "एकतर हिला डोळा द्या, नाहीतर मला माहेरी पाठवा." जवळच फुकट शिबिर होते. नेले. डॉक्टरांनी एका डोळ्याचे करून टाकले, आणि ते फार चांगले झाले.

पट्टी काढल्यावर पहिल्यांदा स्वप्नालीचा चेहरा दोन्ही हातांत धरला, म्हणाली, "नाक आप्पाचं हाय गं हिचं," आणि रडायला लागली. मग आमच्या हिच्याकडे बघून म्हणाली, "तू बोलतीस तशी दिसत न्हाईस." आता कोपऱ्यातले जाळे दिसते, दुधावरची साय कुणी काढली ते दिसते. दिवसभर खिडकीत बसून खालची माणसे मोजते.

शिवरात्रीला घरी जायचे म्हणून पिशवी भरून दाराशी ठेवली आहे. रोज उघडते, रोज भरते. तिला काय सांगू?

आपला,
भीमाशंकर


रेणापूर,
३० जानेवारी २०२५

भीमाशंकर,

डोळा करायला तुला कुणी सांगितलं होतं? लांबव म्हटलं होतं, कर म्हटलं न्हवतं. साधं काम जमत न्हाई तुला, लहानपणी राखणीला बसवलं की पाखरं येऊन कणसं खाऊन जायची आणि तू त्यांचा मंजुळ आवाज ऐकत बसायचास.

आता तिला सांग, डोळा कच्चा हाय. एसटीत बसली आणि गचका बसला तर बाहेर येईल. ती घाबरट न्हाई, पण डोळा परत जाण्याला घाबरेल. शिवरात्रीच्या ऐन तोंडावर मशीन येणार हाय. काहीही झालं तरी तिला घराबाहेर काढू नको.

रेवणप्पा


रेणापूर,
२५ फेब्रुवारी २०२५

चि. भीमाशंकरास अनेक आशीर्वाद.

काल मशीन आली! अरे काय सांगू तुला. फाटकाशी पन्नास माणूस जमलं होतं. नव्या वाटेवरून अशी डौलात आत आली, चाक दोन बोटंसुद्धा रुतलं न्हाई. मग पहिल्या ओळीवर चढली आणि सगळी वेल थरथर कापायला लागली. वाटलं आता मुळापासून उपटते. मागं बघतो तर पानं जागच्या जागी, देठ जागच्या जागी, नुसते मणी गायब. आणि लिंबाखाली जी वळली, वा रे वा! एका फेऱ्यात, मागं-पुढं न करता. साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

नीलाबाई आणि तिच्या बायका बांधावर उभ्या राहून बघत होत्या. मी म्हटलं, "या की गं, पडलेले मणी वेचा." कुणी आल्या न्हाईत. माजल्यात सगळ्या.

श्रीशैलनं व्हिडिओ काढलाय. सगळ्या पाहुण्यांना पाठवला, स्वप्नालीलाही पाठवलाय. तू जरूर बघ. मायला दाखवू नको.

रेवणप्पा


विष्णुपुरी,
२८ फेब्रुवारी २०२५

दादा,

तुमचे पत्र आज पोचले. व्हिडिओ त्याच्या आधी पोचला.

परवा शिवरात्रीला मायचा उपास. सकाळपासून दाराशी पिशवीजवळ बसून होती, न्यायला कुणी आले नाही म्हणून. तिचे मन रमावे म्हणून स्वप्नालीनेच तिला मोबाईल दाखवला. म्हणाली, "आजी, बघ, आपलं शेत." त्या पोरीला काय माहीत! मी आतल्या खोलीत पूजा करत होतो. बाहेर आलो तेव्हा माय मोबाईल नाकाशी धरून बसली होती. म्हणाली, "पुन्हा लाव." स्वप्नालीने लावला. "पुन्हा लाव." असे किती वेळा झाले कोण जाणे. शेवटी बोट लावून म्हणाली, "लिंब तर आपलाच हाय."

मग माझ्याकडे बघितले. दादा, तिला दिसत नव्हते तेव्हा बरे होते हो. मला त्या डोळ्यापुढे उभे राहवेना. मी सगळे सांगून टाकले. जेसीबी सांगितला, माती कुठे टाकली तेही सांगितले. हे सगळे दादांनी केले, मला नंतर कळले, असे सांगितले.

तिने पिशवी उघडली, लुगडी काढून पुन्हा खुंटीला टांगली आणि भिंतीकडे तोंड करून निजली. उपास अजून सोडलेला नाही.

मी तुम्हाला मार्चअखेर म्हटले होते. आता तिला कसे आणू?

भीमाशंकर


विष्णुपुरी,
१६ मार्च २०२५

रेवणा,

स्वप्नाली लिहून राहिली. रडत लिहिती, अक्षर हललं तर समजून घे.

मला सगळं कळलंय. भीमानं सांगितलं. त्या बाबतीत तो लई इमानी, सवताला सोडून सगळ्याचं सांगतो.

मला न्यायला येऊ नको. मी तुझ्या रानात पाय ठेवू कुठं? फाटकातून आत यायची वाट तीच. निजल्यावर चुकून त्या माणसाला माझा पाय लागला तरी मी उठून पाया पडत होते, अंधारात, तो घोरत असताना. आता त्याच्यावरून चालत घरी येऊ व्हय रे? आणि तू रोज येतोस-जातोस. मोटारसायकलवर.

तुझं पत्र माझ्या उशाखाली होतं. पाणी घालतो म्हणलास, बेल वाहतो म्हणलास. चल, तेवढं खोटं लेकरं मायला बोलतेत. पण बाभळीच्या काटक्या कशाला म्हणलास? नुसतं काटक्या म्हणला असतास तरी माझा इस्वास बसला असता. बाभळीच्या म्हणायला तुला किती येळ इचार करावा लागला असंल, त्येचंच मला लई लागलं.

आता माझं ऐक. हितं जवळच मेडिकल कॉलेज हाय. मेलेली माणसं घेतेत, पोरं शिकायला. मी स्वप्नालीला घेऊन गेले. म्हणलं, मी मेले का मला घ्या. तिथली बाई म्हणली, "आजी, घरच्यांना विचारलं का?" म्हणलं, घरचे मला इचारत न्हाईत, मी त्यांना कशाला इचारू? ती हसली. मी न्हाई हसले.

मला माती नको. शेजारी बसायचं तर शेजार तरी असावा लागतो. लिंबाखाली नको, नांदेडच्या रुद्रभूमीत नको, कुठंच नको. तुम्ही दोघांनी माझ्या अंगाला हात लावायचा न्हाई. त्या पोरास्नी फाडू दे, कापू दे, ती निदान आत काय हाय ते बघायला कापतेत. भावकी इचारंल, 'माय कुठं बसवली रं रेवणप्पा?' तवा सांग त्यास्नी काय सांगायचं ते. बघू दे मला तुझं तोंड कसं होतंय, मला आता दिसतंय.

शाप देत न्हाई. शाप द्यायला बी माया लागती पोटात.

उमादेवी


रेणापूर,
२४ मार्च २०२५

चि. भीमाशंकरास आशीर्वाद.

मायचं पत्र आलं. वाचून वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. बांधावर जाऊन बसलो, जेवायला उठलो न्हाई. पण रिकामं बसलं की डोकं चालतं. संध्याकाळपर्यंत माझ्या ध्यानात आलं की ह्यात रडण्यासारखं काही न्हाईच.

तूच बघ. माय गेल्यावर तिला बसवायचं कुठं, ह्या काळजीनं मी डिसेंबरपासून पोखरून निघालो होतो. इथं आणली असती तर सारी भावकी लिंबाखाली गेली असती आणि पहिला प्रश्न आप्पा कुठं. काय दाखवणार होतो मी, टायरचे वण? आता देहदान म्हटलं की विषयच संपला. कुणी रानात यायचं कारण न्हाई. सुंठीवाचून खोकला गेला.

तिला वाटतं लोक माझ्या तोंडात शेण घालतील. तिला हल्लीचं काय माहीत? लातूरला एका दालमिलवाल्याच्या वडिलांनी देहदान केलं तर पेपरात फोटो आला, सत्कार झाला. आपल्या साहेबांना मी सहज बोललो, तर त्यांनी हात जोडले. म्हणाले, "काका, फार मोठ्या मनाच्या आहेत आई." करार पुढच्या तीन वर्षांचा झालाय, तेही कळवतो.

तिची खोली क्रेट ठेवायला घेतली. पितळेचा तांब्या तेवढा राहिलाय, तुला हवा असला तर सांग.

आता काम तुझ्याकडं हाय आणि ह्या खेपेला घोळ घालू नको. अशा गोष्टी शेवटी घरच्यांच्या होकारावर अडतात म्हणे. अडू द्यायचं न्हाई. सही कर. माझी लागली तर कळव, त्याच दिवशी येतो. म्हातारं माणूस हाय, आज रागात बोलली, उद्या पाघळेल आणि 'मला गावी न्या, मातीत ठेवा' म्हणून रडेल. तसं झालं तर तिचंच पत्र तिला वाचून दाखव. मी झेरॉक्स सोबत जोडलीय. स्वप्नालीला वाचायला लाव, तिचं ती ऐकते.

गेल्यावर रेणापूरच्या चौकात मोठा फ्लेक्स लावायचा माझा विचार हाय. खाली शोकाकुल म्हणून तुझंही नाव माझ्या शेजारी घालतो, आपलं भांडण आपल्या जागी. त्यासाठी एक चांगला फोटो लागेल. आत्ताच काढून ठेव, नंतर चेहरा उतरतो. कपाळाला विभूती लाव, डोक्यावर पदर नीट घ्यायला सांग. आणि फोटो हसरा पायजे. हसत नसली तर तिला सांग, रेवणा तुला घरी न्यायला येऊन राहिला.

तुझा दादा,
रेवणप्पा